सांदवाडीतली साळुंकी आणि दूरची बेटं

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००० साली जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची यादी प्रसिद्ध केली. त्या शंभरांत पक्षी तीनच. एक युरोपातला स्टार्लिंग. उरलेले दोन म्हणजे आपली साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. राजूरमध्ये हे दोघे पाहायला फाटकाबाहेरही जावं लागत नाही. घरामागच्या सांदवाडीत कढीलिंबाचं झाड आणि एखादं पाण्याचं भांडं असलं की ते हजर असतात.

वणीजवळचं राजूर कोळशाच्या खाणीवर आणि चुन्याच्या भट्ट्यांवर वाढलेलं गाव. इथे निसर्ग पाहायला कोण येणार, असं बाहेरच्याला वाटतं आणि गावातल्यालाही वाटतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. अशा दुपारी कूलरमधून गळणाऱ्या पाण्याने जिथे जमीन ओली होते, तिथे साळुंकी येते. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे धरलेले. ती आधी पाणी पिते, मग त्याच ओल्या मातीत चोच खुपसून किडे शोधते. मेंदीच्या कुंपणात बुलबुलाचं वाटीएवढं घरटं असतं. भारद्वाज त्या कुंपणातून धिम्या पावलांनी, फांद्या बाजूला सारत फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी घरट्यात अंडी नसतात. बुलबुलाची जोडी पुन्हा काड्या जमवायला लागते.

मला महत्त्वाची वाटते ती ही घरट्याची गोष्ट. सांदवाडीतलं पाखरू पुस्तकातल्या चित्रासारखं एकटं कधीच नसतं. साळुंकीला ढोलीसाठी पोपटाशी आणि पिंगळ्याशी भांडावं लागतं. बुलबुलाच्या पिल्लांवर शिक्र्याचा, मांजराचा, सरपटणाऱ्यांचा डोळा असतो. त्यात वैशाखाचं ऊन. इतक्या सगळ्यांनी रोखून धरल्यावर जे उरतात, तेवढेच आपल्याला दिसतात. हजारो वर्षांत बसलेला हा हिशोब आहे, आणि तो रोज पाहिल्याशिवाय कळत नाही.

बेटांवर हा हिशोब मोडला. मॉरिशसमध्ये ऊस खाणारे टोळ मारायला १७६२ साली भारतातून साळुंक्या नेल्या. तिथून पुढे उष्ण कटिबंधातल्या कितीतरी बेटांवर माणसाने त्यांना पोचवलं. बुलबुल फिजीत पोचला, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गिरमिटिया मजुरांच्या काळात. पुढे तो ताहितीतही पसरला. तिथे मिकोनिया नावाच्या परक्या झाडाची फळं खाऊन त्याने बिया डोंगरभर नेल्या. ताहितीचा मोनार्क हा फक्त त्याच बेटावर असणारा छोटा पक्षी १९९८ साली जेमतेम डझनभर उरला होता. उंदरांनी त्याची घरटी लुटली होती, आणि साळुंक्या-बुलबुलांनी त्याला जागा सोडायला लावली होती. आता माणसं पहारा देऊन त्याला जगवत आहेत. आपल्या दारातल्या दोन साध्या पाखरांपासून.

मुंगसाची कथा याहून बोलकी आहे. आपल्याकडे बहुधा दिसतं ते करडं मुंगूस. परदेशी गेलं ते त्याचं लहान भावंड. १८७२ साली कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली, उसातले उंदीर मारायला. तिथून १८८३ साली ती हवाईत गेली. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये सुमारे तीस मुंगसं सोडली, विषारी हाबू साप कमी व्हावेत म्हणून. हाबू फिरतो रात्री, मुंगूस दिवसा. गाठ पडली ती सापाऐवजी त्या बेटावरच्या दुर्मिळ काळ्या सशाशी. शेवटचं मुंगूस संपलं असं जपान सरकारने जाहीर केलं २०२४ मध्ये. ही चूक सुधारायला साडेचार दशकं लागली. मुंगूस कोणत्या वेळी बाहेर पडतं, हे राजूरची कोणतीही आजी सांगू शकते, कारण तिने ते भरदिवसा कुंपणाखालून पळताना पाहिलेलं असतं. ज्यांनी ते बेटावर सोडलं त्यांच्याकडे एवढं रोजचं निरीक्षण नव्हतं, किंवा असूनही त्याला त्यांनी ज्ञान मानलं नाही.

आपल्याकडून आता बरीच कुटुंबं अंदमानला जातात. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे उभी राहतात, ते योग्यच आहे. नंतर बोटीने रॉस बेटावर, म्हणजे आजच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर उतरतात. तिथे चितळ अगदी जवळ येतात, मुलं त्यांच्यासोबत फोटो काढतात. हे चितळ अंदमानचे नाहीत; ब्रिटिश अमदानीत आणलेले आहेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वरमध्ये चितळामागे वाघ असतो. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही. तिथे चितळ कोवळी रोपं खातात आणि जंगलाची पुढची पिढी उभी राहणं अवघड होतं. टिपेश्वरच्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी हा फरक पाहायला हवा. तो दिसला नाही, तर एवढ्या लांबचा प्रवास फोटोपुरताच राहिला, असं मला वाटतं.

बेटांनीही आपल्या दारी पाहुणे पाठवले आहेत. भर उन्हाळ्यात, नाव सार्थ करत फुलणारी सदाफुली मादागास्करची. खाणवस्तीच्या रस्त्यांवर लालभडक होणारा गुलमोहरही तिथलाच. या दोघांनी आपल्याकडे फारसं कुणाला हुसकावलेलं नाही. सदाफुलीने तर रक्ताच्या कर्करोगावर औषध दिलं. घाणेरी आणि सुबाभूळ यांची गोष्ट वेगळी. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या, दोन्ही त्याच शंभरांच्या यादीत. म्हणून परकं ते सगळं वाईट, हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि हिरवं ते सगळं चांगलं, हा तर त्याहून नाही. कोणता जीव कुठे आला आणि तिथे त्याला रोखणारं कोण आहे, एवढाच प्रश्न खरा.

खाणीच्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. खोदून काढलेल्या मातीचे ढिगारे हिरवे करायचे असतात, तेव्हा लवकर वाढतं ते लावण्याचा मोह होतो. त्याऐवजी गावातल्या सांदवाड्यांत आणि धुऱ्यांवर काय टिकलं आहे ते आधी पाहावं. कडुलिंब, बोर, बाभूळ, पळस, हिवर यांनी हेच ऊन, हीच धूळ सोसली आहे, आणि त्यांच्यावर कोणतं पाखरू बसतं तेही इथल्या माणसांना ठाऊक आहे. दुसरीकडे याच सांदवाड्या आपण गट्टू बसवून बुजवत आहोत. चिखल होत नाही हे खरं, पण साळुंकीला किडा मिळतो ती ओली जागाही जाते.

घरामागच्या निरीक्षणाला कुणी फावल्या वेळचा छंद म्हणू नये. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजले जातात. भारत २०१३ पासून त्यात आहे. एका नोंदीला पंधरा मिनिटं पुरतात. येत्या फेब्रुवारीत राजूर, भालर, उकणी या खाणपट्ट्यातल्या घरांतून अशा नोंदी जाव्यात. शाळांनी त्या मुलांकडून करून घ्याव्यात. आणि ज्यांना बेटांवर जायचं आहे त्यांनी जरूर जावं. मात्र निघण्याआधी बुटांच्या तळव्यांतली माती आणि कपड्यांना चिकटलेलं कुसळ झाडून टाकावं, आणि तिथून रोप किंवा बी आणू नये.