सस्पेन्स खातं

माणसाची खरी पारख संकटात होते असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं पैशाच्या व्यवहारात. माझं मत विचाराल तर त्याला मोटारीचं चेंबर घरी उतरवायला लावावं.

ज्यांच्याकडे मोटार नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी लावलेली पत्र्याची परात. इंजिनभर फिरून, तापून, काळं होऊन ऑइल शेवटी इथं येऊन विसावतं. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. त्या मोटारीचं उत्पादन 2001 साली थांबलं, पण ही बातमी त्यांनी अजून तिच्या कानावर जाऊ दिलेली नाही. तिचं चेंबर झिरपू लागलं की रविवारी आम्ही बापलेक अंगणात आडवे होतो. आधी जॅक, मग खाली घोड्या; कारण जॅक उचलण्यासाठी असतो, भरवशासाठी नव्हे. खालचा नट काढून ऑइल घमेल्यात सोडायचं, कडेचे बोल्ट थोडे थोडे सैल करायचे आणि परात हातावर तोलून खाली घ्यायची. तळच्या गाळात चांदीसारखा चुरा चमकला तर हरखू नये, बेअरिंग झिजतंय. मग जुनं पॅकिंग खरवडून नवं बसवायचं. बोल्ट आवळताना एका बाजूनं सलग जायचं नाही. समोरासमोरचे, थोडे थोडे. एकत्र कुटुंबाचाही हाच नियम.

इथवर मामला पान्याचा. तत्त्वज्ञान पुढं सुरू होतं. घमेल्यात तीन लिटरच्या वर काळं ऑइल उरतं, त्याचं काय करायचं?

"गटारात ओता की ओ!" शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले. "पावसानं जाईल वाहून."

"जाईल, काका. पण कुठं?"

"आपल्या दारातून गेलं ना? बास की!"

या 'बास की'नं माझ्यातला कॉमर्सवाला जागा होतो. बँकेत एखाद्या रकमेचा धनी सापडेना की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. दिवसाचा हिशेब जुळतो, मंडळी घरी जातात. रक्कम मात्र तिथंच बसून असते आणि ऑडिटर आला की उठून नमस्कार करते. गटार हे समाजाचं सस्पेन्स खातं. माझ्या अंगणातून खर्ची पडलेलं ऑइल कुठल्यातरी ओढ्यात, विहिरीत जमा होणारच. एकेरी नोंद निसर्गाला मान्य नाही.

"एवढ्या सोलापुरात एका घमेल्यानं काय होतंय?" हा काकांचा पुढचा मुद्दा. तो खोडून काढणं सोपं नाही. अडचण एवढीच की प्रत्येकाचं घमेलं एकच असतं. शिवाय, ज्या गावानं उजनीच्या पाण्यासाठी नळाखाली घागर ठेवून दिवस मोजले, त्यानं तरी पाण्याशी असं वागू नये. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं, ते स्वतःच्या हंड्यापुरतं नव्हे. आठ-नऊशे वर्षांनंतरची माणसं त्यांच्या ओळखीची थोडीच होती! ओळखीच्यांशी नीट वागणं हा व्यवहार झाला; नीती सुरू होते ती बिनओळखीच्यांपासून.

2016 च्या सरकारी नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. म्हणून आम्ही ते डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात नेऊन ओततो आणि पुढं कुठं जातं तेही विचारतो.

"लई चौकशा करताय ओ साहेब," तो म्हणतो. "चार घोट ऑइल ते!"

परतताना मला कॅश जुळल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, बँकेत कॅश जुळली की कुणीतरी शेजारी सही करतं. इथं दोन्ही सह्या आपल्याच.