सभासद कोण?

मायकेल मूरचा ‘कॅपिटॅलिझम: अ लव्ह स्टोरी’ हा माहितीपट २००९ साली आला, तेव्हा थिएटरात टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये एका मित्राच्या बेसमेंटमध्ये, पॉटलकनंतर, तो पुन्हा लावला. या वेळी मात्र निराशाच पदरी पडली.

तसं पाहिलं तर त्यात डोळ्यांत पाणी आणणारं पुष्कळ आहे. कर्ज थकलं म्हणून घराबाहेर काढलेली कुटुंबं आहेत. डिसेंबर २००८ मध्ये शिकागोतल्या खिडक्या-दारं बनवणाऱ्या कारखान्यात हक्काच्या पैशांसाठी ठाण मांडून बसलेले कामगार आहेत. शेवटी स्वतः मूर, गुन्ह्याच्या जागेभोवती लावतात तशी पिवळी पट्टी वॉल स्ट्रीटवरच्या इमारतींना गुंडाळत फिरतो. बेसमेंटमध्ये तेव्हा हशा आणि टाळ्या. आमच्या गावाला या गोष्टी काही परक्या नाहीत. ज्या वर्ल्डकॉमचं मोठं आवार इथे होतं, ती कंपनी हिशेबातली अब्जावधींची लबाडी उघडकीला आल्यावर जुलै २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या पुंजीत असलेले तिचे शेअर्स कवडीमोल झाले.

पण मग उपाय काय? मूरचं म्हणणं असं, की भांडवलशाही जाऊन तिथे लोकशाही यावी. नमुना म्हणून तो कामगारांच्याच मालकीची कॅलिफोर्नियातली एक बेकरी दाखवतो. तिथे कारभारात प्रत्येकाला मत. चार-दोन मिनिटांत बेकरी संपते आणि आपण पुन्हा खलनायकांच्या मागे धावू लागतो.

मित्राचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. लोणीच्या बाजूचे, ऊस लावणाऱ्यांतले. चहा घेता घेता ते म्हणाले, “अहो, हे तर आमच्याकडं पन्नास सालापासून आहे की! एक सभासद, एक मत.”

खरंच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, तो जगाने येऊन पाहिला. त्यातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले. हे थोर काम होतं, यात शंका नाही. पुढे महाराष्ट्रात अनेक सहकारी कारखाने काही घराण्यांच्या मुठीत गेले, काही कर्जात बुडून खाजगी मालकांना विकले गेले, तेही आपण पाहिलं. ते राजकारण तूर्त बाजूला ठेवू. काकांना मी सहज विचारलं, “ऊस तोडायला येणाऱ्यांना मत होतं का?”

काका क्षणभर थांबले. “त्यांना कुठलं? ते बीडकडचे. मुकादमाकडून उचल घेऊन यायचे, पट्टा पडला की परत.”

नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचं नाव! एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात या कामावर जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. कारखाना लोकशाहीनेच चालला होता, सभासदांच्या लोकशाहीने. साखर ज्यांच्या कोयत्यापासून सुरू होते, ते सभासदच नव्हते. मूरच्या सिनेमात हा प्रश्न येतच नाही. मत सगळ्यांना, हे म्हणणं सोपं. ‘सगळे’ म्हणजे कोण, हे ठरवतो कोण?

घरी येताना गाडीत मला आमची एचओए आठवली. तीही लोकशाहीच की! एक घर, एक मत. दोन वर्षांपूर्वी हिरवळ कापणं, मल्च टाकणं आणि बर्फ काढणं यासाठी तीन कंत्राटदारांचे भाव आले होते. मी समितीवर होतो. सर्वांत स्वस्त भाव इतका कमी कसा, हे मी विचारलं नाही. हात वर केला. घरटी वर्षाला काही डॉलर वाचले. पुढच्याच जानेवारीत पहाटे तीन वाजता खिडकीतून पाहिलं तर चार माणसं फावड्यांनी आमच्या पायऱ्या मोकळ्या करत होती. त्यातल्या एकाच्या हातात मोजे नव्हते, बाह्या ओढून त्याने फावडं धरलं होतं. मी पडदा लावला आणि झोपलो, कारण सकाळी ऑफिस होतं.

पिवळी पट्टी वॉल स्ट्रीटभोवती लावली की आपण पट्टीच्या बाहेर उभे राहतो, आणि सिनेमा आपल्याला तिथेच उभं राहू देतो. २००९ साली टाळ्या वाजवताना मला ते आवडलं होतं.

असो. कंत्राटाची मुदत या ऑक्टोबरात संपते. भाव मागवताना कामावरच्या माणसांना तासाला किती देणार, हेही लिहून मागावं, असं मी बैठकीत मांडणार आहे. बायकोने विचारलं, “आणि फी वाढली तर?” वाढणारच. आमच्या रांगेत चौदा घरं आहेत. दोन शेजाऱ्यांशी बोललो आहे. एक हो म्हणाला, दुसऱ्याने क्रिकेटचा विषय काढला.