पुढच्या सीटला विचारा

महागड्या गाडीच्या पडद्यावर एखादा इशारा उमटला की मालक आधी तो वाचतो आणि लगेच सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. या दोहोंच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो. सकाळी गाडी तो सुरू करतो, रात्री तोच लावतो, आणि तिच्यात काय बदललंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. बिघाडाचं मूळ शोधायचं असेल तर पहिला प्रश्न त्याला विचारायला हवा. बहुतेक ठिकाणी तो शेवटी विचारला जातो, किंवा विचारलाच जात नाही.

आपल्याकडे एक्झिक्युटिव्ह वर्गातली गाडी पुष्कळदा मागे बसण्यासाठीच घेतली जाते, हे गाड्या बनवणाऱ्यांनीही ओळखलं आहे. मर्सिडीजने २०१७ साली भारतासाठी ई-क्लासची लांब आवृत्ती आणली. चाकणच्या कारखान्यात जोडणी होणाऱ्या या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर नेहमीच्या ई-क्लासपेक्षा १४० मिलिमीटरने जास्त होतं, आणि ही वाढ मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी होती. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूनेही ५ सीरिज अशीच लांब करून आणली. अशा गाडीत मागे बसलं की रस्त्याची खडखड, इंजिनाची घरघर, पंख्याचा आवाज यांतलं फारसं काही कानावर येत नाही. त्या शांततेसाठीच आपण पैसे मोजलेले असतात. मात्र गाडीची तक्रारही त्याच शांततेत विरून जाते, आणि ती ऐकायला उरतो फक्त पुढच्या सीटवरचा माणूस.

डिझेल गाडीचं उदाहरण घेऊ. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सर्रास दिसू लागला. त्यात साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी फिल्टर सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो, आणि ते तापमान टिकायला मोकळा, सलग रस्ता लागतो. घर ते ऑफिस सहा-सात किलोमीटर, त्यात सिग्नल, त्यात गर्दी. जाळण्याचं काम सुरू होतं आणि अर्ध्यावर गाडी बंद केली जाते. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो, इशारा येतो, इंजिनाची ताकद घटते आणि पुढे मोठा खर्च उभा राहतो.

त्या इशाऱ्याच्या कितीतरी आधी खुणा दिसू लागलेल्या असतात. गाडी बंद केल्यावरही पंखा बराच वेळ फिरत राहतो. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर असतात. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन त्या दिवशी चालूच राहतं. गाडीजवळ तापल्याचा वास येतो. या खुणा एकत्र दिसल्या तर बहुधा गाडी काजळी जाळते आहे आणि तिला ते पुरं करायला वेळ हवा आहे. फिल्टर फार तुंबलेला नसेल तर द्रुतगती मार्गावर अर्धा-पाऊण तास एका वेगाने चालवल्यावर अनेकदा काम भागतं. पण पंखा फिरत असतो तेव्हा मालक उतरून लिफ्टमध्ये शिरलेला असतो. “साहेब, हल्ली गाडी बंद केली तरी पंखा चालू राहतो,” हे वाक्य वेळेवर बोललं गेलं आणि वेळेवर ऐकलं गेलं, तर पुढचं बरंच काही टळतं.

बॅटरीच्या दुखण्यात हे आणखी ठळकपणे दिसतं. आधुनिक गाडीत काही डझन छोटे संगणक असतात. गाडी लॉक केली की ते एकेक करून झोपी जातात. त्याला काही मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. सगळे झोपले की गाडी साधारण ५० मिलिॲम्पिअर किंवा त्याहूनही कमी वीज घेते. दिवसाचा हिशेब सव्वा ॲम्पिअर-तासाच्या आत राहतो. ८० ॲम्पिअर-तासांची निरोगी बॅटरी या हिशेबाने महिनाभर उभ्या गाडीतही निम्मी शिल्लक राहायला हवी. एखादा संगणक जागाच राहिला किंवा गाडीची किल्ली रात्रभर तिच्या अगदी जवळ ठेवली गेली, तर हाच हिशेब काही दिवसांवर येऊ शकतो. व्होल्टेज पडलं की पडद्यावर एकामागून एक इशारे येऊ लागतात. स्टिअरिंग, एअरबॅग, ब्रेक, पार्किंगचे सेन्सर, सगळ्यांची तक्रार एकदम येते आणि मालकाला वाटतं की गाडीच संपली. त्या सगळ्या यंत्रणा धडधाकट असू शकतात. त्यांना पुरेशी वीज मिळालेली नसते, एवढंच.

आता बॅटरी का उतरली ते पाहू. मालकाची बैठक दोन तास चालते. बाहेर ऊन असतं. ड्रायव्हरला बसायला जागा नसते, म्हणून तो गाडीत बसून राहतो. इंजिन बंद असतं, पण वाऱ्याचा झोत, रेडिओ आणि फोनचं चार्जिंग सुरू असतं. मग सहा किलोमीटरचा प्रवास करून गाडी घरी येते आणि वापरलेली वीज भरून निघत नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नवी बॅटरी घालून हा बिघाड जात नाही, पुढे ढकलला जातो. ऑफिसच्या तळमजल्यावर ड्रायव्हर लोकांसाठी पंखा, पिण्याचं पाणी आणि बाकं असलेली एक खोली असेल, तर तो मुळातून जातो. सत्तर-ऐंशी लाखांच्या गाडीचं दुखणं एका बाकाने बरं होऊ शकतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाडीच्या तब्येतीत तिच्यात बसणाऱ्या माणसांचं जगणं मिसळलेलं असतं, आणि त्या माणसांत वाट पाहत थांबणाराही येतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतात आणि एरर कोड वाचतात. कोडचं पहिलं अक्षर कोणत्या भागाची तक्रार आहे ते सांगतं. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनसारखी चासीची कामं, आणि ‘यू’ म्हणजे संगणकांचं आपसातलं बोलणं. हे बोलणं ज्या कॅन पद्धतीने चालतं ती बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. कोड लक्षण सांगतो, आणि ते ज्या यंत्रणेच्या नजरेस पडलं तिचं नाव सांगतो. मूळ कारण दुसरीकडेच असू शकतं. ‘यू’चे पुष्कळ कोड एकदम आले तर जाणता मेकॅनिक आधी बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंगच्या वायरी तपासतो. घाईत असलेला मेकॅनिक पार्ट बदलत सुटतो.

म्हणून चांगला डॉक्टर जसा पेशंटच्या रिपोर्टइतकंच लक्ष सोबत आलेल्या माणसाच्या बोलण्याकडे देतो, तसं गाडीच्या बाबतीतही व्हायला हवं. आवाज थंड गाडीत येतो की तापल्यावर? डावीकडे वळताना की खड्ड्यात चाक गेल्यावर? टायरच्या हवेचा दिवा डिसेंबरच्या सकाळी लागतो आणि दुपारी आपोआप विझतो का? तसं असेल तर हवा काठावर आहे, कारण तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो. एकाच चाकाची हवा रोज थोडी थोडी कमी होते का? मग ते हळू पंक्चर आहे. ही उत्तरं स्कॅनरजवळ नसतात, रोज सकाळी दिवा बघणाऱ्याजवळ असतात. गाडी सर्व्हिसिंगला द्यायला तोच जातो, पण जॉब कार्डवर तक्रार लिहिली जाते ती मालकाने फोनवर सांगितलेली. वाटेत अर्धी माहिती गळून पडते.

पावसाळ्यात हे आणखी जपायला हवं. काचेच्या छताला म्हणजे सनरूफला चारही कोपऱ्यांत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाला आणि माती जाऊन त्या तुंबतात आणि पाणी छताच्या आतून खाली उतरतं. कार्पेटखाली, सीटखाली वायरींचे जोड आणि कधी कधी संगणकही असतात. महिना-दोन महिन्यांनी ते गंजले की कुठलाच धागा जुळत नाही असे इशारे येऊ लागतात. पायाखालची मॅट ओलसर लागते, सकाळी काचा आतून धुरकट होतात, दार उघडल्यावर कुबट वास येतो. जूनमध्ये कोणी हे बोललं आणि त्याच आठवड्यात नळ्या साफ झाल्या, तर ऑगस्टमधला मोठा खर्च वाचतो. बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरीसुद्धा आधी ड्रायव्हरच्याच नजरेला पडतात, कारण बॉनेट तोच उघडतो.

आणि तुंबलेल्या रस्त्यावरचा तो एक क्षण. समोर पाणी आहे, मागे बसलेल्याला उशीर झालाय. पुढचा माणूस म्हणतो, “साहेब, पाणी जास्त वाटतंय, नको जायला.” इंजिनाला लागणारी हवा पुढून, पुष्कळ गाड्यांत बरीच खालून आत जाते. त्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारला तर वाचू शकलं असतं ते इंजिनही जातं. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरलं जात नाही, इंजिनासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. अशा वेळी निर्णय पुढच्या सीटचा असावा, आणि तो तसा असेल हे कोरड्या दिवशी, निवांत बसून सांगून ठेवलेलं असावं. घाईत बसलेल्या मालकापुढे “नको” म्हणणं नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला जड जातं. ते धैर्य त्याच्याकडून मागण्यापेक्षा आपण त्याला आधीच अधिकार द्यावा.

इतर वेळीही तोंडावर आलेले शब्द याच संकोचापायी मागे राहतात. पुष्कळ नव्या डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण भरावं लागतं. ते संपत आलं की पडदा उरलेले किलोमीटर मोजू लागतो आणि आकडा शून्यावर आला की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. ड्रायव्हर आकडा रोज बघतो आणि मनात म्हणतो, परवाच टायरचा खर्च सांगितला, आता लगेच हा कसा सांगू? त्याला गाडी कळत असते. अडतं ते मालकाशी असलेल्या नात्यात.

माहिती मात्र दोन्ही बाजूंनी वाहायला हवी. मॅन्युअल बहुतेक वेळा ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडून असतं आणि ड्रायव्हरला त्याची भाषा परकी असते. पुष्कळ गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली तर रिमोटच्या पोटात लपवलेल्या लोखंडी किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडायचं, आतला खटका ओढून बॉनेट उघडायचं आणि तिथे दिलेल्या टोकांना जंप स्टार्टच्या वायरी लावायच्या, हे त्याला एकदा करून दाखवलेलं असावं. रिमोटचा सेल संपला तरी स्टिअरिंगजवळ किंवा कपहोल्डरजवळ खूण केलेल्या जागी किल्ली धरली की गाडी सुरू होते, हेही सांगितलेलं असावं. स्टेपनी नसलेल्या गाडीचे रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत ८० किलोमीटर चालतात, हे ठाऊक असेल तर रात्री घाटात तो घाबरणार नाही. एका रविवारी सकाळी दोघांनी मिळून मॅन्युअल वाचावं. ज्यांची गाडी ते स्वतःच चालवतात, त्यांनीही ते वाचावं आणि स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवावा.

आजच्यासाठी एवढंच करू. गाडीत एक छोटी वही ठेवू. तारीख, किलोमीटर, काय जाणवलं आणि तेव्हा गाडी थंड होती की तापलेली, एवढ्या चारच गोष्टी, ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत लिहायच्या. शनिवारी ती वही आपण वाचायची आणि विचारायचं, “दादा, या आठवड्यात काही वेगळं वाटलं का?” उत्तर यायला वेळ लागेल. पहिल्या दोन-तीन शनिवारी “काही नाही साहेब” एवढंच येईल. तरी विचारत राहायचं. आपण सांगितलेलं कामी आलं, हे ज्या दिवशी त्याला दिसेल, त्या दिवसापासून तो मोकळेपणाने बोलू लागेल. गाडी यामुळे जास्त वर्षं टिकेल, हा लाभ आहेच. रोज आपला जीव ज्याच्या हाती सोपवतो, त्याच्या जाणकारीचा मान राखणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि तो मान प्रश्न विचारून, उत्तर शेवटपर्यंत ऐकून द्यायचा असतो.