डाव्या हातावरचा निकाल

चारचौघांत कसे वागावे हे ज्याला उमगत नाही, नको तिथे हसतो, नको ते विचारतो, अशा माणसासाठी इंग्रजीत ‘गोश’ असा एक शब्द आहे. तो फ्रेंचमधून अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये त्याचा रोजचा अर्थ ‘डावा’. याच्या उलट ‘अड्रॉइट’ म्हणजे तरबेज, आणि त्याच्या पोटात फ्रेंचमधला ‘उजवा’ बसलेला आहे. लॅटिनमध्ये ‘सिनिस्टर’ म्हणजे डावा. इंग्रजीत तोच शब्द कपटी, अमंगळ झाला. बहुतेकांचा डावा हात अडखळतो, म्हणून डावा म्हणजे बावळट, असा याचा उलगडा सहसा केला जातो. शब्दांचा इतिहास मात्र या क्रमाने चाललेला नाही. फ्रेंचमध्ये डाव्यासाठी आधी लॅटिन वळणाचा ‘सनेस्त्र’ हा शब्द होता. मध्ययुग सरताना त्याची जागा ‘गोश’ने घेतली, आणि ‘गोश’चे मूळ वाकणे, तिरपे जाणे या अर्थाच्या क्रियापदात सांगतात. इंग्रजी ‘लेफ्ट’चा पूर्वजही जुन्या इंग्रजीत दुबळा, कुचकामी या अर्थाने येतो. म्हणजे वाकडेपणा आणि नालायकी यांची नावे आधीच तयार होती. ती नंतर एका हाताला चिकटवली गेली. हात कुठल्या बाजूला आहे हे सांगणारा शब्दच त्या हातावरचा निकाल होऊन बसला. शरीरातला एवढासा फरक नीतीचा आणि पावित्र्याचा फरक कसा होतो, हा प्रश्न म्हणून निव्वळ भाषेचा राहत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जगातली साधारण नऊ-दशांश माणसे उजव्या हाताची, त्यांचा डावा हात खरोखरच कच्चा. भाषेने दिसले ते नोंदले, त्यात तिचा काय दोष? यातले अर्धे कबूल करायला हवे. पण ‘माझा डावा हात मला साथ देत नाही’ या अनुभवापासून ‘डावे ते अडाणी’ या नियमापर्यंतची उडी अनुभवाने मारलेली नाही, बहुमताने मारली आहे. डावखुऱ्याच्या हातात नेहमीची कात्री दिली तर काय होते ते पाहावे. तिची पाती अशी जोडलेली असतात की उजव्या हाताच्या अंगठ्याचा आणि बोटांचा दाब त्यांना एकमेकींवर घट्ट आणतो. डाव्या हातात तोच दाब पाती फाकवतो, कापड कापले जाण्याऐवजी मध्येच दुमडते, आणि खडूची खूण वरच्या पात्याआड लपते. बघणारा म्हणतो, हात वेंधळा आहे. वेंधळेपणा असतो हात आणि हत्यार यांच्या न जमण्यात, पण बोल लागतो एकट्या हाताला. मराठीनेही फार हसू नये. सरस ठरणाऱ्याला आपण उजवा म्हणतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबेर हेर्त्झ यांनी 1909 साली उजव्या हाताच्या वर्चस्वावर निबंध लिहिला. दुर्खाइमच्या या शिष्याचे म्हणणे असे की पवित्र आणि अपवित्र हा भेद समाजाला आधीच करायचा असतो. शरीरातली थोडीशी विषमता त्याला आयती सबब देते. या म्हणण्याला रोमचा पुरावा चांगला मिळतो. रोमन शकुनशास्त्रात डावीकडची वीज शुभ मानत, ग्रीकांकडे उजवी बाजू शुभ. सिसेरोने शकुनांवरच्या आपल्या ग्रंथात या विसंगतीवर नेमके बोट ठेवले आहे. हात तेच, पण शकुन उलटा. ‘सिनिस्टर’ला अशुभाचा रंग चढला तो लॅटिनवर ग्रीक वळणाची छाया पडल्यावर. आपल्याकडे पूर्वाभिमुख उभे राहिले की उजवी बाजू दक्षिणेला येते, म्हणून ‘दक्षिण’ या एकाच शब्दात दिशा, हात आणि चतुरपणा तिन्ही मावतात. पण त्याच संस्कृतात ‘वाम’ म्हणजे प्रतिकूलही आणि सुंदरही. अर्धनारीश्वराची डावी बाजू पार्वतीची. पितृकार्यात जानवे उजव्या खांद्यावर घेऊन अपसव्य करतात. देवकार्यातली बाजू तिथे सोडावी लागते, आणि ते कर्म विधीबाहेरचे ठरत नाही, विधीनेच सांगितलेले असते. डाव्या बाजूचा स्वभावच अपवित्र असता तर अशी अदलाबदल शक्य झाली नसती.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. एक हात जेवायला, दुसरा शौचाला, ही वाटणी सोयीची आहे, हे खरेच. पण सोय कामे वाटून देते. ती स्वर्ग आणि नरक वाटून देत नाही. आज ‘गोश’ म्हणणाऱ्याच्या मनात हात नसतोच, असेही कोणी म्हणेल. तेही खरे. शब्द बदलावा असे माझे म्हणणे नाही. जुना निकाल कशाच्या बळावर दिला गेला, एवढेच तपासायचे आहे.

त्यासाठी बायबलमधला शास्त्यांचा ग्रंथ वाचण्यासारखा आहे. एहूद हा बन्यामीन वंशाचा, आणि बन्यामीन या नावाचा प्रचलित अर्थ ‘उजव्या हाताचा पुत्र’. त्याला डावखुरा म्हणताना हिब्रू पाठ ‘उजवा हात अडलेला’ अशा अर्थाचे शब्द वापरतो. असलेले बळ सांगायलाही नसलेल्याचेच नाव. मवाबच्या राजाला नजराणा द्यायला जाताना तो दुधारी खंजीर कपड्यांखाली उजव्या मांडीला बांधतो, आणि डाव्या हाताने तो काढून राजाला ठार करतो. पुढे याच वंशातले 700 निवडक डावखुरे गोफणीने केसभर नेमही चुकवत नाहीत, असे तोच ग्रंथ सांगतो. शब्द अपंगत्वाचा, हकिगत कौशल्याची. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र न्यायाच्या दिवशी मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे उभी राहतात, आणि डाव्यांवर शाप येतो. हेर्त्झच्या विरोधकाला हे वाक्य हवेहवेसे वाटेल. पण तिथे दंडाचे कारण विचारले जाते तेव्हा उत्तरात हाताचा उल्लेख येत नाही: भुकेल्याला अन्न दिले नाही, तहानेल्याला पाणी दिले नाही, तुरुंगातल्याला भेटायला गेला नाहीत, एवढेच येते.