धावड्याच्या डिंकाबद्दल

चि. मुक्ता,

धावड्याच्या डिंकावर प्रबंध करायचं ठरवलंस, बरं केलंस. आपल्याकडे डिंक म्हटलं की लाडू. त्याचा रेणू फांद्याफांद्यांचा असतो हे तुझ्या मामालाही चाळिशीत कळलं.

आधी सुतळीचे दोन सारखे तुकडे घे. एक तसाच चुरगाळ. दुसऱ्याचे तीन समान भाग कर, एकेक टोक एका गाठीत बांध, मग चुरगाळ. वजन तेवढंच, पण गाठीच्या सुतळीचा पसारा कमी. झिम आणि स्टॉकमायर यांनी १९४९ मध्ये हाच हिशेब मांडला: सरळ साखळीच्या तुलनेत पसाऱ्याचा वर्ग तीन फांद्यांना ७/९, चार फांद्यांना ५/८. द्रावणातून विखुरणारा प्रकाशही हेच सांगतो. अगदी लहान कोनात रेणूच्या सगळ्या भागांचा ताल जुळतो. पातळ द्रावणात तिथे वजन कळतं. कोन वाढला की लांबच्या टोकांचा ताल सुटतो आणि तेज उतरतं. पसारा मोठा असेल तर झपाट्यानं, आटोपशीर असेल तर सावकाश.

फसशील ती इथेच. डिंकात लहानमोठे रेणू मिसळलेले असतात, आणि पसाऱ्याच्या सरासरीत मोठ्यांचाच आवाज जास्त. फांद्यांनी कमी केलेलं माप ही भेसळ परत फुगवते. एकच आकडा पाहून ‘फांद्या नाहीत’ असं लिहू नकोस. कॉलममधून आकारवार वेगळे कर, मग मोज. त्यात ग्लुकुरोनिक आम्ल असल्यानं रेणूंवर विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलतात. थोडं मीठ घातलं नाहीस तर वजनही खोटं निघेल.

आणि धूळ! मी एकदा धुळीलाच महारेणू समजून तीन महिने नाचलो. द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढ, पण गाळणीवर राहिलेलं फेकू नकोस, वाळवून वजन कर. धावड्याच्या डिंकाचा काही भाग विरघळतच नाही, नुसता फुगतो. तो गेला की तुझं माप निम्म्याच डिंकाचं ठरू शकतं.

६३३ नॅनोमीटरच्या लेझरला बारीक फांद्या दिसणार नाहीत. त्यासाठी न्यूट्रॉन हवेत, म्हणजे तुर्भ्याची ध्रुव अणुभट्टी. तिथे डिंक जड पाण्यात विरघळवून नेतात, कारण साध्या आणि जड हायड्रोजनवरून न्यूट्रॉन वेगळे विखुरतात. विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ध्रुववर वेळ मिळतो; अर्ज आत्ताच कर.

शेवटची गोष्ट मात्र सगळ्यात आधी कर. बाजारातला डिंक घेऊ नकोस, त्यात दहा झाडांचा माल असतो. उन्हाळ्यात धानोऱ्याकडे स्वतः जा, एकाच झाडाचा घे आणि पुडीवर झाड, गाव, तारीख तिथेच लिही.

तुझा,
मामा