खेळ संपल्यावरची वर्षे

रग्बी लीग हा खेळ मजुरीच्या प्रश्नातून जन्मला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, रग्बी खेळणारे बहुतेक जण खाणींत, कापड गिरण्यांत आणि गोद्यांत राबणारे होते. शनिवारी सामना असला की पाळी चुकायची आणि मजुरी कापली जायची. ती बुडालेली मजुरी भरून देण्याची परवानगी असावी, एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. खेळाची सूत्रे हाती असलेल्या सुखवस्तू मंडळींनी १८९३ मध्ये ती फेटाळली. पैसा आला की खेळ भ्रष्ट होतो, अशी त्यांची धारणा होती. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. संघातले खेळाडू पंधराचे तेरा झाले, नियम बदलले, ते सारे नंतर. मुळाशी होते ते एक न्याय्य तत्त्व: खेळापायी कष्टकऱ्याचे जे बुडते, ते भरून मिळणे हा त्याचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. हे तत्त्व खेळाने अर्ध्यावर सोडले आहे, असे माझे म्हणणे आहे. बुडालेला दिवस हक्काच्या खात्यात आला. खेळ संपल्यावर उरणारी चाळीस-पन्नास वर्षे अजूनही दानाच्या खात्यात आहेत.

आरंभीच्या धुरिणांना या उरलेल्या आयुष्याची थोडी तरी जाण होती. १८९८ मध्ये त्यांनी खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला मान्यता दिली, तेव्हा खेळाडूला दुसरा खरा रोजगार असलाच पाहिजे, अशी अट घातली. ही अट जाचक होती आणि १९०५ मध्ये ती गेलीही. पण प्रत्यक्षात पुढची नव्वद वर्षे बहुतेक खेळाडू दिवसा कामावर आणि संध्याकाळी सरावाला जात राहिले. त्या दुहेरी कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही बूट उतरवलेल्या माणसाच्या हाती एक धंदा असायचा, सोबतीला कामावरची माणसे असायची. १९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाली आणि वरच्या पातळीवरचा खेळ पूर्ण वेळचा पेशा बनला. वेग वाढला, सराव शास्त्रशुद्ध झाला, वैद्यकीय देखरेख सुधारली. पण शाळकरी वयात क्लबच्या प्रशिक्षणात शिरलेला मुलगा पस्तिशीच्या आसपास बाहेर पडतो, तेव्हा त्याच्याकडे दुसरे कौशल्य असेलच असे नाही. कंत्राटे थोड्या वर्षांची, आणि क्लबही अढळ नसतात. १९९७ ते २००५ या काळात चार वेळा विजेता ठरलेला ब्रॅडफर्ड बुल्स हा क्लब जानेवारी २०१७ मध्ये दिवाळखोरीने बंद पडला आणि खेळाडूंची कंत्राटे संपली. क्लब पुढे नव्या कंपनीच्या रूपात उभा राहिला खरा, पण खालच्या श्रेणीत.

त्यात शरीराचा प्रश्न आहे. रग्बी लीगमध्ये एका संघाला सहा टॅकल होईपर्यंतच चेंडू राखता येतो. प्रत्येक टॅकल म्हणजे कबड्डीतल्या पकडीसारखीच झटापट, पण दोन्ही बाजूंनी पूर्ण वेगात धावत येऊन केलेली. आघाडीचा खेळाडू ऐंशी मिनिटांत अशा तीस-चाळीस टॅकल सहज करतो, शिवाय चेंडू घेऊन धावताना स्वतः मार खातो तो वेगळा. सेंट हेलेन्स क्लबला १९९६ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार बॉबी गोल्डिंग याला पन्नाशीच्या आतच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, आणि इतर माजी खेळाडूंसह त्याने खेळाच्या नियामक संस्थेविरुद्ध कायदेशीर कारवाईचा मार्ग धरला. रग्बी युनियनच्या, म्हणजे पंधरा जणांच्या मूळ रग्बीच्या, स्कॉटलंडमधल्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंवरचे एक संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूची झीज करणाऱ्या आजारांचा धोका त्यांना इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे त्यात आढळले. तो खेळ वेगळा असला तरी डोक्याला बसणारा मार वेगळा नाही.

याच काळात या खेळाने माणुसकीचे एक विलक्षण उदाहरण जगापुढे ठेवले. लीड्स क्लबचा पाच फूट पाच इंचांचा रॉब बरो सुपर लीगचे आठ अंतिम सामने जिंकून २०१७ मध्ये निवृत्त झाला आणि दोनच वर्षांत त्याला मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. त्याच्या आजाराचे कारण खेळच होता, असे कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. पुढेही तो धावत राहिला आणि या आजाराने ग्रासलेल्यांसाठी एक कोटी पौंडांहून अधिक निधी उभा राहिला. जून २०२४ मध्ये बरो गेला, तेव्हा सारा देश हळहळला. या मैत्रीपुढे मान झुकते. पण मैत्रीवर व्यवस्था उभारता येत नाही. ज्याचे नाव घरोघरी पोचलेले नाही, ज्याच्यासाठी धावणारा कर्णधार नाही, त्या खेळाडूचे काय? आर. एल. केअर्ससारखी धर्मादाय संस्था माजी खेळाडूंना शिक्षणासाठी आणि नव्या कामासाठी मदत करते, हे मोलाचेच आहे. तरी मदत मागावी लागणे आणि देणे वसूल करणे यांत फरक आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की खेळाडू धोका ओळखून उतरतात आणि त्याचे पैसेही घेतात. पण सोळाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाला साठाव्या वर्षाचा धोका कितीसा समजणार? शिवाय ज्या धोक्यांचे स्वरूप विज्ञानालाच अलीकडे उमगू लागले, ते १९९० च्या दशकातल्या खेळाडूने जाणून स्वीकारले होते, असे म्हणता येत नाही. खाणकामगारालाही दरड कोसळते हे ठाऊक असे. म्हणून नुकसानभरपाईचे कायदे कोणी अनावश्यक ठरवले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या खेळाकडे पैसा नाही. सुपर लीगमध्ये एका क्लबने पगारांवर करायच्या खर्चाची मर्यादा सुमारे एकवीस लाख पौंड आहे, मोजक्या खेळाडूंसाठीच्या सवलती वगळून. फुटबॉलशी तुलना केली तर ही रक्कम किरकोळ आहे. परंतु हीच अडचण माझ्या बाजूने बोलते. पगार बेताचा असल्याने खेळाडूला निवृत्तीपुरती पुंजी साठवता येत नाही, म्हणून तरतूद सर्वांनी मिळूनच करायला हवी. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा सामाईक निधीत जावा, त्याच्या कारभारात खेळाडूंचे प्रतिनिधी असावेत, पगारी आठवड्यातले काही तास दुसरे कौशल्य शिकण्यासाठी राखावेत आणि निवृत्तीनंतरही मेंदूची तपासणी नियमित व्हावी. क्लब बुडाला तरी हे हक्क खेळाडूबरोबर राहावेत. यासाठी पगारांची मर्यादा थोडी खाली आणावी लागली, तरी तो सौदा प्रामाणिक ठरेल. काखेच्या वरची टॅकल बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा खेळाचा कस जाईल अशी ओरड झाली. पण जी संस्था मैदानावरचे नियम बदलण्याचे धैर्य दाखवते, तिला कंत्राटातली कलमे बदलणे अशक्य नसावे. सारे वैद्यकीय पुरावे हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. खेळाडूची कमाईची वर्षे थोडी असतात, एवढे सत्य सुरुवातीला पुरेसे आहे, आणि सुरुवात येत्या हंगामाच्या कंत्राटांपासूनच करता येईल.