संताघरची चूल

तुकोबारायांचे चरित्र वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. इंद्रायणीचा डोह, भंडाऱ्याचा डोंगर, तरलेल्या वह्या, हे सारे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. पण त्याच घरात जी माउली पहाटे उठून चुलीपुढे बसत होती, आणि मडक्यात पीठ नसले तर आज पोरांच्या पुढे काय वाढावे या विवंचनेत होती, तिची आठवण आपण कशी ठेवली? ‘आवली’ असे नाव निघाले की मंडपात हशा पिकतो. कजाग बायको, नवऱ्याला बोलणारी, देवाला ‘काळ्या’ म्हणून शिव्या देणारी! बस, इतक्यावर तिचे चरित्र आटोपते. म्हणून आज आम्ही भाविक सज्जनांपुढे एकच प्रश्न ठेवतो. संताघरची चूल पेटवणारी ही बाई प्रपंची म्हणावी की परमार्थी?

आधी हकीकत पाहू. जिजाई ही पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची लेक. खात्यापित्या घरची. तुकोबांची पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी, म्हणून ही दुसरी केलेली. पुढे १६३० च्या सुमारास दख्खनेत घोर दुष्काळ पडला. त्या दुष्काळात रखुमाबाई गेल्या, लहानगा संतोबा गेला, दुकानाचे दिवाळे वाजले. तुकोबांचे मन संसारातून उठले ते तेव्हापासून. संसार मात्र उठला नाही, तो जिजाईच्या डोक्यावर बसला. काशी, भागीरथी, गंगा या मुली, महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे, एवढे लेकुरवाळे घर तिने चालवले. महीपतीबुवांनी सांगितलेली कथा प्रसिद्धच आहे. नवऱ्याने पुन्हा व्यापार करावा म्हणून तिने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून दिले. तुकोबांनी व्यापार केला, नफाही झाला. आणि परत येताना वाटेत एक गांजलेला ब्राह्मण भेटला, त्याला सगळे देऊन मोकळे झाले! घरी आल्यावर ती बोलली असेल तर नवल काय हो?

आता कोणी म्हणेल, जी देवाला शिव्या देते ती भक्त कशी? याला शास्त्रात उत्तर आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद धर्मराजाला सांगतात की भयाने, द्वेषाने, स्नेहाने, कसेही मन भगवंताशी जडले तरी ते त्यालाच मिळते. जिजाईच्या ठिकाणी तर द्वेषही नव्हता, हक्क होता. माणूस भांडतो कोणाशी? जो आपले ऐकतो आहे अशी खात्री असते त्याच्याशी. दगडाशी कोणी भांडत नाही. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा मोडला, आणि तो पांडुरंगाने आपल्या हाताने काढला, अशी कथा आहे. देवाने ‘आधी बोलणे थांबव, मग काटा काढतो’ असे काही म्हटले नाही. पाय पुढे घेतला आणि काटा काढला.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. कोणी म्हणेल, तिने केले ते नवऱ्यासाठी, पोरांसाठी; त्यात परमार्थ कुठला? पण तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की जो केवळ आपल्यासाठी शिजवतो तो पापच खातो. मग जी नवरा जेवल्यावाचून घास घेत नव्हती, त्याला शोधत डोंगर चढत होती, तिचे शिजवणे कोणत्या कोटीत घालावे? तो यज्ञच झाला. समिधा बाभळीच्या होत्या इतकेच.

परंतु खरा गुंता याच्याही पुढे आहे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली तेव्हा आधी निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. केवढा विवेक हा! त्याग आपल्या वाट्याचा करता येतो, दुसऱ्याच्या वाट्याचा नाही, हा धर्मसिद्धान्त त्यांनी आचरून दाखवला. पण मग बायकोच्या वाट्याचे काय? तिची खते कोणी वेगळी काढली? तुकोबांनी वैराग्य पत्करले. जिजाईवर ते येऊन पडले. पत्करलेले दारिद्र्य ही तपश्चर्या, हे जगाला दिसते. वाट्याला आलेले दारिद्र्य निभावणे हीही तपश्चर्याच, पण तिला कोणी माळ घालीत नाही. तुकोबारायांच्या ठिकाणी दोष पाहण्याची आमची प्राज्ञा नाही. ते जेथे पोहोचले तेथे आपपर उरतच नाही. आपण मात्र तेथे पोहोचलेलो नाही. म्हणून त्यांच्या वैराग्याचे नुसते सोंग घेऊन घरच्या बाईला उपाशी ठेवायचे, आणि वर ‘आमची आवली आहे’ म्हणून हसायचे, हा भक्तिमार्ग नव्हे. जिजाईचे कौतुक करतानाही हे ध्यानात ठेवावे. तिने सोसले म्हणून सोसायला लावणे पुण्याचे ठरत नाही.

कीर्तन आटोपल्यावर गावोगावी म्हाताऱ्या बाया विचारतात, ‘महाराज, धनी दर साली वारीला जात्यात. म्या गुरं, पोरं, पेरणी बघते. मग माझी वारी कुणाच्या खात्यावर?’ ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ऐन पेरणीचे दिवस, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा आमचे उत्तर स्पष्ट आहे. बाई, धन्याच्या पायाने तूही चाललीस. पण धन्यालाही आमचे सांगणे आहे. पताका खांद्यावर घेण्याआधी घरातली कणगी पाहून जा, आणि एखाद्या साली तू गुरे राख, तिला पंढरी पाहू दे.

तुकोबांचे वैकुंठगमन १६५० साली झाले, तेव्हा नारायण जिजाईच्या पोटात होता असे सांगतात. ते मूल तिने बापावाचून वाढवले. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून ज्ञानोबा-तुकोबांच्या गजराचा सोहळा सुरू केला. आज देहूहून पालखी निघते, लाखो लोक तिच्यामागे चालतात. पालखीत पादुका तुकोबांच्या. पण ज्या खांद्यांनी ती प्रथम उचलली ते खांदे जिजाईच्या भाकरीवर पोसलेले. आता सांगा, ही बाई प्रपंची की परमार्थी?

पुढच्या वेळी मंडपात आवलीचे नाव निघेल तेव्हा हसण्याआधी हात जोडावे, आणि घरी गेल्यावर चुलीपुढे बसलेल्या माउलीला ‘तू जेवलीस का?’ एवढे विचारावे. पांडुरंगाला हे पोहोचते. रामकृष्णहरी.